मागून आवाज

पहिला शेरा आला तेव्हाच मला बाबांचा संशय आला होता. मी घरून एका बंगळुरूच्या कंपनीसाठी ग्राहकांचे फोन घेते. ते सगळे फोन तिकडे रेकॉर्ड होतात आणि कोणीतरी बसून ऐकतं. त्या कोणीतरी लिहून पाठवलं होतं, "मागून आवाज." बस, एवढंच. असे तीन शेरे झाले की घरून काम बंद, गाठोडं बांधून बंगळुरूच्या ऑफिसात हजर व्हायचं. आई गेल्यापासून नागपुरात बाबांजवळ मी एकटीच. ते बंगळुरूला यायचे नाहीत आणि त्यांना इथे एकटं टाकून जायची माझी छाती नाही. तिसरा शेरा आला की एक तर नोकरी जाणार, नाहीतर बाबा एकटे पडणार.

संशयाला कारण होतं. घरातली मधली भिंत मी पाडून घेतली होती. मोबाईलवर फोटो पाहून पाहून ते मोकळं घर माझ्या डोक्यात भरलं होतं. हॉल, स्वयंपाकघर आणि मधली खोली मिळून एकच जागा, आणि तिच्या एका कोपऱ्यात माझं टेबल. बाबा तेव्हा म्हणाले होते, "ते भिंत तुले काय करून राहिली वं? राहू दे ना." मी ऐकलं नाही. आता ते त्याचाच वचपा काढताहेत, असं माझं ठाम मत झालं. हिंगण्याच्या कारखान्यात प्रेस मशीनपाशी त्यांचा जन्म गेला, कान जड झाले, त्यामुळे ते साधं "चहा मांड" म्हणाले तरी शेजारच्या घरातही चहा मांडतात. तेवढं मी समजून घेतलं असतं. पण माझा फोन लागला की नेमकी यांची सुपारी कातरायची वेळ कशी होते? अडकित्ता कट्कन वाजायचा, मी मान वळवून बघायचे, तर हे साळसूद चेहऱ्याने पेपर वाचत असायचे. तोही मोठ्याने.

मग मी हात धुऊन आवाजाच्या मागे लागले. भिंतींना फोमचे चौकोन चिकटवले. पुस्तकांचं कपाट ओढून टेबलामागे आडवं लावलं. जाड पडदे शिवून घेतले, सतरंजीवर सतरंजी अंथरली, खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे घातले. कूलर तर दुपारभर बंदच, कारण त्याच्या घरघरीत समोरच्याला माझं नावही ऐकू जायचं नाही. पडद्याचा दांडा ठोकायला आलेल्या सुताराने हे सगळं न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, फोमानं तुमचा आवाज घुमणार नाही, पण दुसऱ्याचा कसा थांबन? भिंत नाही तं आवाज येईनच." त्याला बाबांनीच पढवून ठेवलंय, असं मला वाटलं.

दुसरा शेरा आला. त्या संध्याकाळी मी बाबांवर तोंड सोडलं. मी घरात नकोच असेन तर सरळ सांगा, असं आडून आडून कशाला, बोलू नये ते सगळं बोलले. बाबा उठले, अडकित्ता कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घर गप्प. एक वाजता माझं काम सुरू व्हायच्या आत बाबा डोक्याला दुपट्टा गुंडाळायचे, पाण्याची बाटली आणि पेपर घ्यायचे, "येतो वं" म्हणून स्कूटर काढायचे, ते थेट सात वाजता परत. आठवडाभर मी खूश होते. शेरा येत नव्हता आणि त्याचं सगळं श्रेय मी पडद्यांना देऊन टाकलं होतं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला. मे महिन्यात नागपुरात भरदुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, आणि हा सत्तरीचा माणूस रोज जातो कुठे? विचारलं तर म्हणाले, "दोस्ताकडे." कोणता दोस्त? "आहे एक." त्यांचे सगळे दोस्त मला ठाऊक आहेत आणि ते दुपारी झोपतात. पत्त्यांचा अड्डा असेल का? की माझ्या मागे घर विकायला काढलंय? त्यातही उन्हातून आलेल्या माणसाचा शर्ट घामाने चिकटलेला हवा. यांचा कोरडा खडखडीत, आणि वर त्याला फिनेलचा वास.

एका सकाळी शर्ट धुवायला टाकताना खिशात स्कूटर स्टँडची चिठ्ठी सापडली. धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्याची. मग बाकीचे खिसे पाहिले. आणखी चार निघाल्या, सगळ्या तिथल्याच. रोज सहा तास दवाखान्यात हा माणूस करतो काय? आणि मला सांगायचं नाही, कारण मी ओरडते. आईचं दुखणंही आम्हाला असंच शेवटी शेवटी कळलं होतं. मी त्या दिवशी रजा टाकली आणि बाबा निघाल्यावर ऑटो करून मागोमाग गेले.

तळमजल्यावर नातेवाइकांना बसायला मोठा हॉल होता. थंडगार एसी, ओळीने खुर्च्या, मौद्याहून, भंडाऱ्याहून आलेली माणसं डबे उघडून बसलेली. बाबा तिसऱ्या ओळीत होते. हाताला सुई नव्हती, जवळ फाईल नव्हती. शेजारच्या बाईने त्यांच्यापुढे पोळी धरली आणि विचारलं, "तुमचा पेशंट कोणत्या वार्डात आहे जी?"

"पेशंट नाही जी," बाबा म्हणाले. "पोरीची ड्यूटी चालू आहे घरी. माझ्यानं आवाज होते, मले समजतच नाही. अन् आणखी एक डाव झाला तं तिले दूर जा लागते. इथं थंडं आहे, कोणी ऊठ म्हणत नाही."

बाबा धडधाकट होते. मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ माझी मलाच इतकी लाज वाटली की पुढे जाववेना. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. पाठलाग केला म्हणून रागावतील, असं वाटलं. ते घाईघाईने उठले, घड्याळाकडे पाहत म्हणाले, "काहून वं, लवकर झालं का आज? आता घरी आलो तं चालीन का?"