मेडिकलरावांचा चौथा आवाज

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या सगळ्या मुलखात माझ्या गळ्याला चांगलं म्हणणारा माणूस एकच निघाला, अन् त्याच माणसाच्या डोक्यात फरक हाय असं बाकीचा मुलूख म्हणायचा. मला दोन्ही पटतं.

माझा गळा काय लायकीचा हाय ते आधी सांगतो, म्हंजी त्या माणसाचं काळीज केवढं ते कळंल. माझी सासुरवाडी कऱ्हाटीची. सासरे तितल्या भजनी मंडळाचे म्होरके. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तवा जावई म्हणून मानानं माझ्या हातात टाळ दिला. मी तोंड उघडलं, अन् पहिला अभंग सरायच्या आत सासऱ्यांनी टाळ काढून घेतला आणि हातात प्रसादाचं ताट दिलं. म्हणले, "जावईबापू, तुमी आपलं वाटा." तवापासून कऱ्हाटीत मी फकस्त वाटतो. घरी पणदऱ्यात गोठ्यात नुसतं गुणगुणलो तरी म्हस पान्हा चोरती. धारंच्या वक्ताला बायको मला चहा देऊन लांब वट्ट्यावर बसवती, अन् मी ते माझं लाड समजत व्हतो.

तर हा माणूस. आमी त्यास्नी मेडिकलराव म्हणायचो, कारण बारामतीत इंदापूरच्या रस्त्याला त्यांचं मेडिकल व्हतं. पुढं त्यांनी शटर वढलं, ते बॅप्टिस्ट ख्रिस्ती मंडळींचे गाण्याचे मिशनरी झाले, पेटी घिऊन गावोगाव गाणी शिकवत फिरू लागले, तरी नाव तेच ऱ्हायलं. आमच्याकडं माणूस धंदा सोडतो, धंदा माणसाला सोडत न्हाय.

दुकानात व्हते तवाबी औषधाची चिठ्ठी बघता बघता ते चाल म्हणायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, डॉक्टरनं असलं काय लिव्हलंय की ह्यांना गाणं सुचलं. एकदा झोप न येणारं एक म्हातारं आलं. मेडिकलरावांनी त्याला डॉक्टरची गोळी दिली, अन् पुड्या बांधता बांधता एक गाणं म्हणलं. दुसऱ्या दिवशी म्हातारं परत हजर. "काय आबा, गोळी संपली?" तर म्हणतं, "गोळी हाय. ते कालचं अर्धं ऱ्हायलं व्हतं, ते सांगा." मेडिकलराव मला म्हणले, "किसन, इतकी वर्षं काउंटरवर उभा हाय, पण अर्धं ऱ्हायलं म्हणून परत आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक." झालं. त्या महिन्यात शटर खाली.

पण औषधवाल्याची सवय जाती व्हय? गाणं शिकवलं की सांगायचे, "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेवल्यावर. उपाशीपोटी वरचा सूर लावायचा न्हाय." पेटी उघडायच्या आधी दोन्ही हातांनी धरून औषधाच्या बाटलीगत जरा हालवायचे. माझ्या घरी आले की बायको बिस्किटं ठिवायची, हे आधी पुडा उलटा करून तारीख बघायचे. बायकोला राग. मी म्हणलं, "अगं, त्यांनी मला बघितलं तवाबी उलटून तारीखच शोधली." ती म्हणली, "सापडली का? मी लगीन झाल्यापास्नं शोधतीय."

त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा द्यायचा म्हंजी डोक्यावर पाणी शिंपडून भागत न्हाय. मोठं झालेलं, समजून उमजून आलेलं माणूस अख्खं पाण्यात बुडवायचं. आता आमच्याकडं अख्खं माणूस बुडंल असं पाणी कुठं, तर कालव्याला. अन् कालव्याला पाणी कवा, तर धरणातनं आवर्तन सुटंल तवा. लोक उसाला पाण्याची वाट बघायचे, हे बाप्तिस्म्याला. मी दुधाचा टेंपो चालवतो, रस्त्यानं जाता येता त्यास्नी न्यायचो. एकदा असाच कालव्यावर गेलो, हातात कोरडे टावेल धरून काठावर उभा ऱ्हायलो, शेवाळावरनं पाय सरकला अन् टावेलासकट आत. सगळ्यांच्या आधी मीच बुडलो. वर आलो तवा पोरं वरडायला लागली, "किसननानाचा झाला, किसननानाचा झाला!" मेडिकलराव कंबरभर पाण्यात हात वर करून म्हणले, "ह्याचा धरायचा न्हाय! हा घसरलाय. विश्वासानं उतरलेला न्हाय." मला बाहेर काढलं, माझाच वल्ला टावेल मला दिला, आणि परत जन्मात तो विषय काढला न्हाय. गावात कुणी टोमणा मारला, "काय किसन, बाटला का?" तर मी म्हणायचो, "त्यांनी परत केला बाबा, माल पसंत पडला न्हाय."

आता त्यांचं खरं येड सांगतो. त्यास्नी एकच गाणं एकाच वक्ताला चार निराळ्या आवाजांत म्हणून घ्यायचं व्हतं. बायकांचा एक वरचा, एक खालचा. पुरुषांचा एक वरचा, आणि सगळ्यात तळाला चौथा. चौघं चार वाटांनी जायचे, पण सगळं मिळून एक गोड. आमच्याकडची रीत दुसरी. म्होरक्या म्हणंल तेच मागच्यांनी म्हणायचं. जो येगळं म्हणतो तो एक तर चुकलाय, न्हायतर रुसलाय. शेळगावच्या त्यांच्या मंडळीत मार्थामावशी म्हणून एक बाई व्हत्या. आवाज असा, की इकडं सूर लावला की तिकडं उसातलं डुक्कर पळंल. सुरुवातीला चारी आवाज आपापल्या वाटंला लागायचे. दुसऱ्या वळीला सगळे मावशीच्या वाटंवर गोळा. मेडिकलराव कपाळाला हात लावायचे. "अहो, तुमी मावशीच्या मागं का गेलात?"

"मावशी एकटी पडली असती की साहेब."

"अहो, एकटी पडायलाच पाहिजे!"

"असं कसं? वयस्क बाई हाय. बरं दिसतं का ते?"

ह्याला काय औषध? माणुसकीच आडवी आली, मेडिकलराव परत पहिल्या वळीपास्नं सुरू करायचे.

मेडिकलरावांची बायको इंदापूरला सरकारी दवाखान्यात नर्स. आमी सिस्टरबाई म्हणायचो. बाई तोलून बोलायची. सगळं घर तिच्या एकटीच्या ड्युटीवर चाललेलं. एक दिवस माझ्यासमोरच त्यास्नी म्हणली, "दुकान इकलेलं न्हाय, नुसतं शटर वढलंय. किल्ली माझ्याकडं हाय. येत्या नाताळाला तुमचे चार आवाज शेवटपर्यंत चार ऱ्हायले, तर मी जन्मात बोलणार न्हाय. न्हाय ऱ्हायले, तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभं ऱ्हायचं." मेडिकलराव म्हणले, "कबूल." तोंड मात्र कडू औषध गिळल्यागत झालं व्हतं.

त्यानंतर एकदा टेंपोत माझ्या शेजारी बसले व्हते, मांडीवर पेटी. मी आपला इंजिनाच्या आवाजात आवाज मिसळून हूं करत व्हतो. टेंपोला माझ्या गाण्याचं काही वाटत न्हाय, म्हणून तितं मी मोकळा असतो. एकदम त्यांनी भाता हालवून पेटीची एक पट्टी दाबली अन् वरडले, "थांबू नगंस! टेंपोचं न्हाय, तुझं गाणं! म्हण!" मी घाबरून म्हणत ऱ्हायलो. स्पीडब्रेकर आला, दुधाचे कॅन उडले, पेटी उडली, आमी दोघं उडलो. ते म्हणले, "सगळं हाललं, तुझा सूर जागचा हालला न्हाय!"

मी म्हणलं, "साहेब, मला दुसरा येतच न्हाय."

"मला तोच पाहिजे. दावणीला खुंटा लागतो का न्हाय? गुरं कुठंबी वळली तरी खुंटा जागंवर पाहिजे. आतापास्नं तू माझा चौथा आवाज."

मी म्हणलं, "पण मी तुमच्यातला न्हाय."

"मग तुझ्या देवाला इचारून ये."

मी आमच्या खंडोबाम्होरं उभा ऱ्हायलो. देव न्हाय म्हणला न्हाय. बायको मात्र म्हणली, "त्या माणसांनी तुमचं काय वाकडं केलंय, म्हणून तुमी त्यांच्यात गायला निघालाय?"

मेडिकलरावांनी माझ्या मापानं चाल शिवली. बाकीचे तिन्ही आवाज वरखाली फिरायचे, मी एका जागी उभा. सगळ्यांनी गुरासारखं राबून तयारी केली. त्यांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं. कुणाचा सूर चुकला की एक गोळी. मी सोडून सगळ्यांना मिळायच्या. मी चुकतच नव्हतो, आयुष्यात पहिल्यांदा.

नाताळाच्या सकाळी शेळगावच्या पत्र्याच्या देवळात गर्दी. पहिल्या बाकावर सिस्टरबाई, हातात शटरची किल्ली, समद्यांना दिसंल अशी. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं चार. दुसरं चार. मेडिकलरावांच्या कपाळावर घाम. तिसऱ्या कडव्याला मार्थामावशीला जोर चढला आणि ती आपलीच कुठंतरी वर निघाली. मी बघतोय, खालच्या आवाजातल्या बायकांनी माना तिकडं वळवल्या. पुरुष निघाले. झालं, सगळी माणुसकी परत मावशीच्या मागं. मी एकटा पडलो. तुमास्नी वाटंल, किसन धीराचा. कसला धीर! मला दुसरा सूर येत असता तर सगळ्यांच्या आधी मीच पळालो असतो. येत नव्हता, म्हणून उभा ऱ्हायलो. अन् तेवढ्यात शेजारचा, पुरुषांच्या वरच्या आवाजातला गडी थबकला. माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असंल, किसन एकटा पडला, बरं दिसतं का ते? तो माघारी आला, आपल्या जागंवर. त्याच्या मागनं खालच्या बायका. शेवटाला मावशीबी. शेवटची वळ चौघांनी चार वाटांनी म्हणली आणि एकाच दारात पोचली.

मेडिकलराव पेटीवरचा हात काढायचं इसरले. मग बाईकडं वळून इचारलं, "चार व्हते का?"

जन्मभर नाड्या मोजलेली बाई. म्हणली, "मोजायचं ऱ्हाऊन गेलं. परत म्हणा." आणि किल्लीवाल्या हातानंच डोळं पुसलं.

ते चार आवाज मिशनच्या मोठ्या मंडळींच्या कानावर गेले, अन् त्यांनी मेडिकलरावांना पार लांब, दुसऱ्या जिल्ह्यात धाडलं, असलीच गावं शिकवायला. सिस्टरबाईनंबी बदली मागून घेतली. मेडिकलच्या दुकानात आता दुसरंच कुणी मोबाइल दुरुस्त करतं. जाताना मेडिकलराव टेंपोच्या खिडकीत हात घालून उभं ऱ्हायले, मला खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट दिलं. मी म्हणलं, "मी कुठं चुकलो?" ते म्हणले, "चुकशील कवातरी. असू दे."

कधीमधी वाटतं, त्या सकाळी मी हाललो असतो तर हा माणूस आज बारामतीत काउंटरवर असता. मी रोज टेंपो थांबवला असता, खोटं खोटं डोकं दुखवून घेतलं असतं. पण मला हालताच येत न्हाय, त्याला काय करता.

आता शेळगावच्या रस्त्याला एकटा असलो की तेवढाच एक सूर धरतो. एकट्यानं म्हणला की तो निव्वळ कारखान्याचा भोंगा वाटतो, हे मला ठाऊक हाय. तरी धरून ठेवतो. बाकीच्या तिघांनी कुठनंबी यावं, खुंटा जागंवर हाय. गोळ्यांचं पाकीट अजून टेंपोत काचेसमोरच ठिवलंय. परवा उलटं करून बघितलं, तर तारीख कवाच उलटून गेलीय. टाकवत न्हाय.