बंद आहे, असं सांगितलं होतं

कळमेश्वरच्या कबड्डी स्पर्धेचं थेट प्रक्षेपण गिरिधरकडे होतं. वाडीतल्या गोडाउनमधून तो सकाळीच गाडी घेऊन निघाला होता. गाडीत चित्र जुळवायची यंत्रं; तिथून फायबरची केबल थेट मैदानाच्या कडेला, मयुराच्या कॅमेऱ्यापर्यंत. दोघं आठेक वर्षं जोडीनं काम करत होती.

जोडण्याआधी केबलचं टोक भिंगातून तपासावं लागतं. धुळीचा कण राहिला तरी चित्र तुटतं. पण गाडीतलं यंत्र चालू असेल तर त्या टोकातून लेझर निघतो. तो डोळ्याला दिसत नाही, आणि भिंगातून पाहिलं तर धोका आणखी वाढतो. म्हणून मयुरा दर वेळी फोन करून विचारायची.

"गिरिधरभाऊ, बंद आहे ना?"

गिरिधर तेव्हा आयोजकांशी हुज्जत घालत होता. त्यानं यंत्राकडे मान वळवूनही पाहिलं नाही. "हो वं, बंद आहे."

फोन ठेवला आणि यंत्रावरचा हिरवा दिवा दिसला. चाचणीसाठी त्यानंच चालू केलं होतं. बटण दाबून तो मैदानाकडे धावला. मयुरा भिंग पिशवीत ठेवत होती.

"धूळ होती, पुसली. काहून धावून राहिले?"

"काही नाही," तो म्हणाला. "उशीर होऊन राहिला."

सामने छान झाले. घरी दीपमालानं ताट वाढलं ते त्यानं बाजूला सारलं. तब्येत बरी नाही, असं त्यानं बायकोलाही सांगून टाकलं.

दोन दिवसांनी मयुराचा फोन आला. "उजवा डोळा चुरचुरून राहिला गा भाऊ. चष्मा लागला वाटते मले." ती हसत होती. चष्म्याच्या दुकानात जाणार होती.

गिरिधरनं फोन ठेवला. दुकानदार नंबर काढून देईल, लेझरनं भाजला असेल तर डोळ्यातला पडदा कोण तपासणार? आणि खरं कारण कळल्याशिवाय डॉक्टरनं तरी काय शोधायचं? त्यानं स्कूटर काढली आणि हुडकेश्वरला तिच्या दारात उभा राहिला.

"त्या दिवशी यंत्र चालू होतं, मयुरा. मी न पाहताच बंद म्हटलं."

ती बघतच राहिली. "आणि धावत आले तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं मले."

"तरी बोलले नाही?" तिचा आवाज चढला. "माझा डोळा आहे तो. माझं पोट आहे त्याच्यावर!"

त्यानं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चलायला सांगितलं. ती त्याच्याच स्कूटरवर आली. डोळ्यात थेंब घालून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. पडदा शाबूत होता. चुरचुर मैदानातल्या धुळीची. "पण असं परत करू नका," त्या म्हणाल्या.

गिरिधरनं बाहेर येऊन भिंतीला पाठ टेकली. मयुरा काळा चष्मा लावून जवळ आली.

"डोळा चांगला निघाला हे नशीब, भाऊ. तुमचं खोटं त्यामुळे खरं होत नाही."

महिनाभर तिनं त्याचं काम घेतलं नाही. मग सीताबर्डीतल्या एका परिसंवादाच्या प्रक्षेपणाला आली. टोपण लावलेलं केबलचं टोक तिनं तसंच टेबलावर ठेवलं, गाडीपर्यंत चालत गेली आणि यंत्राची विजेची पिन स्वतःच्या हातानं उपसली. गिरिधर बाजूला सरकून उभा राहिला. बंद आहे, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.