जयाची विलायत

विक्रोळीच्या त्या वस्तीतून परदेशी शिकायला निघालेली जया सोनकांबळे पहिलीच. इंग्लंडच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं आणि दुसऱ्याच रविवारी विहारात तिचा सत्कार झाला. नाक्यावर दहा फुटी बॅनर लागला. व्हिसा अजून यायचा होता, पण सत्कार थांबतो कुठे? जया दहा मिनिटं बोलली. वस्तीसाठी शिकते आहे, शिकून परत येईन, माझ्यामागून दहाजणी जातील. पहिल्या रांगेत तिचे वडील, कुंडलिकराव, रडले.

आठवड्याने व्हिसासाठी ऑनलाइन मुलाखत झाली. पलीकडच्या बाईने विचारलं, हाच कोर्स का? टाळ्या मिळालेलं उत्तर जयाकडे तयार होतं. तिने तेच इंग्रजीत दिलं. बाईने विषयांची नावं विचारली. तिला दोनच आठवली.

व्हिसा नाकारला. कारण एका ओळीचं. अर्जदाराचा हेतू शिक्षणाचा वाटत नाही.

"बॅनर उतरवायला सांगू का, पप्पा?"

"काय सांगून उतरवायचा?" कुंडलिकराव म्हणाले. "तू आत्याकडे जा, चारकोपला. थोडे दिवस. पुढच्या वेळी मिळेलच ना."

वस्तीने हार घालून तिला दोन बॅगांसह टॅक्सीत बसवलं. टॅक्सी विमानतळाकडे वळलीच नाही.

पुढच्या वेळीही मिळाला नाही. दुसऱ्या अर्जाला पहिला नकार नडला. जया चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या खोक्यांवर लेबलं लावू लागली. आत्या अंजनाबाई शेजारणींना सांगायच्या, भाची गावाकडची आहे.

एप्रिलात विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमातून वस्तीच्या मंडळाच्या अंबादासकाकांचा व्हिडिओ कॉल यायचा होता. आज खरं सांगून टाकायचं, असं जयाने ठरवलं होतं. फोन वाजला. पहिल्या रांगेत पप्पा दिसले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. आत्याने खिडकीचा पडदा ओढला आणि स्वेटर पुढे केला. कॅमेरा बाजूला करून जयाने तो घातला.

"थंडी आहे का गं तिकडे?"

"आहे, काका." घाम पाठीवरून ओघळत होता.

"ही आपली निशा. हिचंपण ॲडमिशन झालंय. रविवारी सत्कार ठेवलाय. दोन शब्द सांग हिला."

जया पप्पांकडे बघत राहिली.

"निशा, मुलाखतीला विषयांची नावं पाठ करून जा," ती म्हणाली. "तिथे वस्तीचं नाव काढू नकोस."

मग कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. कुंडलिकरावांचे हात मांडीवरच होते.