तुटलेली अंगठी

कार्डिफजवळच्या समुद्रकिनारी मी हौसेने बायकोचे पाय वाळूत पुरले. ते बाहेर आले तेव्हा एका पायातलं जोडवं गायब होतं. तिच्या आईने दिलेलं. ती गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

जवळच एक म्हातारा हेडफोन लावून मेटल डिटेक्टर फिरवत होता. मी हाताचं बोट दाखवून त्याला "रिंग" एवढंच सांगितलं. तो डोळे मिटून संथ चालू लागला, जणू वाळूखाली कुणी हळू आवाजात बोलत होतं. बाटलीचं झाकण सापडलं तरी तो ते अंगठ्याने पुसून पिशवीत ठेवायचा.

"वाळू काही ठेवून घेत नाही," तो म्हणाला, "तिला घाई नसते, एवढंच."

मग त्याने चांदीचं एक वेढं उचललं. "ही नव्हे. तुटलेली आहे," म्हणत तो ते झाकणांत टाकणार, तेवढ्यात मी धावलो. जोडव्याला फट असतेच हे पटवायला मी बायकोला दुसरा पाय पुढे करायला लावला. त्याने टोपी काढून त्या पायाला नमस्कार केल्यासारखी मान लववली.

गाडीत बायको म्हणाली, "अहो, तसले हेडफोन तुम्हीही घ्या. 'जोडवी काढू दे आधी' म्हणाले होते मी, ते ऐकू आलं असतं."