गादीवरचा उजेड

माझ्या माहेरची सगळी माणसं हट्टी. त्यांत आजोबांचा नंबर पहिला, आणि माझी आई, बोलत नसली तरी, त्यांच्याहून वरचढ.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. वडिलांचं कापडाचं दुकान शेलूबाजारला होतं आणि आम्ही आजोबांबरोबर किन्हीराजाला राहायचो. वडील दुकानातच झोपत, आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखे घरी येत. खाली दुकान आणि वर घर असं बांधायचं त्यांनी मनात आणलं, तेव्हा आईला केवढा आनंद झाला! तिचा संसार एकदाचा एका छपराखाली येणार होता.

ठेकेदाराने गर्डर-सिमेंटचा नवा नकाशा आणला. आजोबांनी तो पाहिला आणि बाजूला सारला. स्वयंपाकघर बरोबर दुकानाच्या गादीवर येत होतं.

"गादी म्हंजे लक्ष्मी. तिच्या डोक्यावर उभं राहून तुमी भाकरी थापान काय? हे जमत नाही."

दुकानाची जागा आजोबांची, त्यामुळे त्यांच्यापुढे वडिलांची बोलती बंद. नकाशा फडताळात गेला. आई मात्र आठ-पंधरा दिवस नुसती विचारात होती. मग एका सकाळी तिने सारवलेल्या अंगणात रांगोळीने अख्खं घर काढलं. बाईने रांगोळीत कमळं काढावीत, हिने भिंती काढल्या! शेजारणी बघून तोंडाला पदर लावायच्या.

आजोबा अंगणात आले. आई दाराआडून बोलली, "मामाजी, मधात चौक ठेवू, आपल्या ह्या घराले हाये तसाच. गादी चौकात. खोल्या वरतं चहूबाजूनं."

"अन् पाणी आलं तं? कापड भिजन ना."

"चौकावर काच लावू. काचेवर कोन पाय देते?"

 मला तर आईच्या डोक्याचं आजही नवल वाटतं. आमच्या अंधाऱ्या दुकानातून बायका लुगड्याचा खरा रंग पाहायला ते घेऊन रस्त्यावर उन्हात जायच्या, हे तिने हेरून ठेवलं होतं. पुढे इमारत झाली तेव्हा काचेतून उतरलेला उजेड थेट गादीवर पडायचा आणि लुगडी आतल्या आत उलगडायची. वाशीमच्या स्टेशनावरून गाडीबैलाने आणलेले गर्डर आणि आमच्या जुन्या गोठ्याचे सागवानी खांब तिथे जन्माचे सोबती असल्यासारखे उभे होते. तसली देखणी इमारत मी नंतर मोठ्या शहरांतही पाहिली नाही.

पण त्या दिवशी आजोबा मानले नाहीत. जिना कुठल्या दिशेला, चुलीचा धूर कुठे जाईल, रोज नवं खुसपट. आई पुसायची आणि पुन्हा काढायची. मी वैतागले. "आजोबाले घर पायजेच नाही, तू कायले काढून राह्यली?"

"त्याइले घर पायजे," आई म्हणाली. "एकटं राहणं नाही पायजे."

मला तेव्हा कुठे उमगलं. आम्ही शेलूबाजारला गेलो की या घरात ते एकटेच उरणार होते, आणि ते तोंडाने म्हणणं त्यांच्या पगडीला शोभणारं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी रांगोळीत दुकानाच्या मागे एक नवी चौकट होती. आजोबांनी काठी टेकवली.

"हे काय?"

"खोली."

"कोनाची?"

"तुमची," आई म्हणाली. "जिना चढाचं काम नाही. अन् हिच्यावर माडी नाही. तुमच्या डोक्यावरबी कोनाचा पाय नको."

 आजोबा खाकरले आणि काठीच्या टोकाने दाराची रेघ पुसली.

"दार मोठं काढ," ते म्हणाले. "माही बाज यातून जात नाही."