कांबळे अण्णांची चुकीची नोंद

कांबळे अण्णा कुणाच्याही गोठ्यात शिरले की आधी म्हशीशी बोलायचे, मग मालकाशी. "काय बाई, बरी हाईस न्हवं?" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. मालक मध्येच काही सांगायला लागला की त्याला गप्प करायचे. "तुमचं मागनं ऐकतो ओ. दुखणं हिचं हाय का तुमचं?" मालकही हसून बाजूला सरकायचा. शामराव कांबळे एका दूध संघात पशुधन पर्यवेक्षक होते. पदवीचे डॉक्टर नव्हते, पण पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांत 'डॉक्टर' म्हटलं की तेच. गोठ्यातून निघताना ते 'जय भीम' म्हणायचे, समोरून 'राम राम' यायचा, आणि दोघांनाही तो नमस्कार पुरायचा.

मी जयसिंगपूरची. दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी, नुकती इंजिनीअर होऊन शाहूपुरीतल्या चार खुर्च्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते, आणि डोक्यात हवा म्हणाल तर विचारू नका. संघाचं काम आमच्याकडं आलं होतं. गावोगाव म्हशी तपासणाऱ्या प्रत्येकाला हातात मावेल असं एक यंत्र द्यायचं. त्यानं गोठ्यातच नोंद करायची, आणि टेलिफोन असेल तिथं आलं की ते यंत्र जोडायचं. मग त्याच्या नोंदी कोल्हापूरच्या मुख्य संगणकात यायच्या आणि बाकीच्यांच्या नोंदी त्याच्या यंत्रात जायच्या. याला सिंक म्हणतात, असं मी प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर बाण काढून सगळ्यांना समजावलं.

अण्णा शेवटच्या बाकावर होते. "म्हंजे हितलं तितं सांगायचं आणि तितलं हितं," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत हे काम तीन बायका करत्यात, बिनपगारी." सगळा वर्ग हसला. मी लालबुंद झाले. मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुम्ही कवा म्हस धरलीया का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग चला की उद्या."

गेले. दुसऱ्या दिवशीच काय, पुढं दोन महिने दर आठवड्याला गेले. त्यांच्या फटफटीवर मागं बसून किती गोठे पाहिले याचा हिशेब नाही. मी घड्याळ बघितलं की म्हणायचे, "घाई म्हशीला न्हाय, तुला हाय." 'मॅडम'ची 'पोरी' कधी झाली ते कळलंच नाही. माझ्या यंत्राला ते डबी म्हणायचे. त्यांच्या मागोमाग अख्खा संघ डबी म्हणायला लागला, आणि मी झाले डबीवाली.

आता माझा शहाणपणा सांगते. एकाच म्हशीबद्दल दोन डब्यांत दोन वेगळ्या नोंदी असल्या तर खरी कुठली मानायची? मी एका ओळीत निकाल लावला होता: जी मुख्य संगणकाला शेवटी पोहोचेल ती खरी, आधीची पुसून टाकायची. सुटसुटीत! कंपनीच्या साहेबांनी पाठ थोपटली.

त्यानंतर अण्णांची ड्यूटी डोंगराच्या अंगाला लागली. तिथं टेलिफोन नाही. दीड महिना त्यांनी सेल बदलून बदलून डबी सांभाळली आणि एका शनिवारी कोल्हापुरात येऊन ती जोडली. सोमवारी सकाळी ते ऑफिसात माझ्यासमोर चहा पीत बसले होते, तेवढ्यात त्यांच्या जुन्या भागात आलेल्या नव्या डॉक्टर शिंदे मॅडमचा फोन आला. "वाडीतल्या हौसाक्कांची म्हैस मी गेल्या पंधरवड्यात तपासली. गाभण लिहिलं होतं. आज माझ्या डबीत रिकामी दिसतेय. माझी नोंद गेली कुठं?"

मी संगणक उघडला. 'रिकामी' ही अण्णांची नोंद होती, डोंगरावर चढायच्या आदल्या दिवशीची. ती जुनी होती, पण डबीतून पोहोचली शनिवारी, सगळ्यात शेवटी. माझ्या सुटसुटीत नियमानं शिंदे मॅडमचं 'गाभण' पुसून टाकलं होतं. मी वाडीच्या दूध संस्थेत फोन लावला. सचिव म्हणाले, "काल संघाची यादी आली, वाचून दावली की हौसाक्काला. दूध आटलंय, त्यात रिकामी. फुकट वैरण कुठनं घालायची? पहाटंच म्हस इकायला वडगावच्या बाजाराला घेऊन गेली. रडत हुती बिचारी."

अण्णांनी कपातला चहा तसाच ठेवला. "ऊठ, पोरी."

फटफटीवरून आम्ही थेट वडगाव गाठलं. बाजारात पोहोचलो तेव्हा हौसाक्काचा हात व्यापाऱ्याच्या टॉवेलखाली होता. बोटं दाबून भाव ठरत होता. अण्णा लांबूनच ओरडले, "ओ पावणं, हात काढा! म्हस गाबण हाय!"

व्यापारी दचकला. हौसाक्का मात्र भडकली. एकटीच्या जिवावर संसार ओढलेली बाई ती, कुणाला ऐकणार? "गाबण? आणि रिकामी म्हणून तुमीच लिवलंयसा न्हवं? यादीत तुमचं नाव हाय! तुमचा हात कवा चुकत न्हाय म्हणून दावं सोडून आणली मी हितं!"

बघता बघता माणसं गोळा झाली. मी मनात म्हटलं, आता अण्णा माझ्याकडं बोट दाखवणार, दाखवायलाच हवं. नाही दाखवलं. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लिवलतं. चुकलं माझं."

तीस वर्षं ज्या हाताची गावं ग्वाही द्यायची, त्या हातावर त्यांनी कोपराच्या वरपर्यंत हातमोजा चढवला. म्हशीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "माफ कर गं बाई." मग डोळे मिटून, हात आत घालून तपासलं. "हाय की!" ते मोठ्यानं हसले. "दोन म्हैने हून गेल्यात! हौसाक्का, धर दावं, चल घरला!"

मला राहवेना. "अक्का, यांची चूक नाही. माझ्या प्रोग्रॅमची आहे," मी बोलून गेले. रडू फुटलं होतं, ते लपवताही येईना.

"ही कोण?" हौसाक्कानं विचारलं.

"डबीवाली."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जेवलीस का?" आणि पदरात बांधलेली भाकरी सोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

परत येताना अण्णांनी उसाच्या रसासाठी फटफटी थांबवली. "तुझंबी चुकलं, माझंबी चुकलं. पर माझं आधी," ते म्हणाले. "म्हस रेड्याकडनं भरवून म्हैनाच झालता. हाताला काय कळंना. फटफटी बंद पडलीती, शेवटची एश्टी गाठायची हुती, आणि तुझ्या डबीत दोनच घरं. गाबण न्हायतर रिकामी. कळंना म्हणून लिवायला जागा कुठाय? मी आपलं रिकामी दाबलं."

मी फळ्यावर काढलेल्या एकाही बाणात हे नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी तो प्रोग्रॅम मुळापासून उकरला. 'नक्की नाही' असं तिसरं घर केलं. नोंद कधी पोहोचली यापेक्षा म्हैस कुणी आणि कधी तपासली ते बघायला लावलं. काहीही पुसायचं नाही, दोन नोंदी भांडल्या तर दोन्ही दाखवायच्या आणि निकाल माणसानं द्यायचा. पुसल्या गेलेल्या नोंदी जुन्या प्रतींतून शोधून परत बसवल्या. साहेब कुरकुरले, पण मी ऐकलं नाही.

सगळं झाल्यावर अण्णांना म्हटलं, "तुमची ती 'रिकामी' तेवढी काढून टाकते. उगाच तुमच्या नावावर कशाला डाग?"

अण्णा चिडले. माझ्यावर चिडलेले तेवढेच बघितले. "पुसू नकोस. त्या दिवशी मला तेवढंच कळलं हुतं. ते खोटं कसं करतीस?"

हौसाक्काची म्हैस वेळेवर व्याली, रेडी झाली. अण्णांनी मला खरवस खायला वाडीला नेलं आणि माझ्या वाटणीतलाही निम्मा स्वतःच खाल्ला.

पुढं ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत गेले. ते गेल्यावर संघाचं सगळं काम लांबच्या कुठल्याशा शहरातल्या, आम्ही कधीही न पाहिलेल्या संगणकांवर न्यायचं ठरलं. लाखभर नोंदी नीट गेल्या का, हे तपासायची जबाबदारी माझी. साहेबांनी तपासणीची लांबलचक यादी दिली होती. ती बाजूला ठेवून मी आधी हौसाक्काची म्हैस उघडली. ओळीनं नोंदी होत्या. गाभण, तपासणाऱ्या डॉक्टर शिंदे. पुन्हा गाभण, तपासणारे शामराव कांबळे. रेडी झाली. आणि सगळ्यांच्या आधी, आपल्या तारखेला, आपल्या जागेवर: रिकामी, तपासणारे शामराव कांबळे.

"अण्णा, पोचलासा बघा," मी मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या खुर्चीवरचा माझ्याकडं बघतच राहिला.