ताण्याच्या गल्लीतली मोटार

तम्मण्णानं दोन माग विकल्याचं ताराबाईला कळलं ते खड्ड्यात पाय गेल्यावर.

बोरगावला माहेरी ती भाचीच्या बारशाला गेली होती. परत आली ती दिवेलागणीला, मळ्याच्या वाटेनं, मागल्या दारानं. हातातलं गाठोडं ठेवायला नेहमीसारखी मागघरात वळली आणि जिथं तिच्या लग्नाआधीपासून तिसरा माग उभा होता, तिथं तिचा पाय पोकळीत गेला. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, माग वर असतो. माग नेला की खड्डा तेवढा उरतो. एक पाय खड्ड्यात, एक वर, अशी ती मटकन बसली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा शेजारचा दुसरा खड्डाही दिसला.

"आक्काऽ!" ती ओरडली. "माग कुठं गेलं?"

नणंद बायाक्का चुलीपुढून उठली नाही. ती विधवा होऊन भावाकडं आली तेव्हापासून घर तिच्याच शब्दावर चाले. "म्होरल्या दाराला जाऊन बघ," ती म्हणाली. "हुबं हाईत दोन्ही माग. भोंगा लावून."

बाहेर मोटार होती. काळी, जुनी, कापडी टपाची. कॅम्पातल्या कुणा वकिलानं नवी घेतली म्हणून ही काढून टाकलेली. अर्धी गल्ली भोवती जमली होती, आणि ज्यानं जन्मात सायकल घेतली नव्हती तो तम्मण्णा लुगड्याच्या चिंधीनं तिचे दिवे पुसत होता. सदऱ्याच्या बाह्या लांब, बटणं मनगटावर घट्ट लावलेली.

"अवो, ह्ये काय?"

"मोटार."

"त्ये दिसतंय. कुणाची?"

"आपली."

ताराबाईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. हे डोळे वाचायला ती संसाराच्या पहिल्या वर्षातच शिकली होती. डोळे शांत होते, आणि भीती त्याचीच वाटली. खुळ्या माणसानं माग विकले असते तर तिला समजलं असतं. शहाण्या माणसानं विकले, हे कुठं बसवायचं?

तम्मण्णाला वेडाचे झटके येत. वडगावच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि घरात कुणी बोलत नव्हतं. दोन-तीन वर्षं माणूस रेशमासारखा सरळ. त्याच्या हातच्या काठाला शहापूरचे पेढीवाले नाव घेऊन मागणी करत. मग एकदा झोप उडे. धोटा थांबत नसे, बोलणं थांबत नसे, लुगडी येईल त्याला वाटून टाकी. पुढं कुणीतरी आपल्याला मारायला टपलंय असं त्याला वाटू लागे आणि जवळ येईल त्याच्यावर तो हात उचली.

बायाक्का म्हणे, वारं शिरलं. पहिल्या खेपेला त्याला जांबोटीकडच्या देवऋष्याकडं नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली आणि छडीनं वारं झोडपलं. वारं गेलं की नाही ठाऊक नाही, पाठ मात्र सोलली. दुसऱ्या खेपेला एका डॉक्टरनं सांगितलं म्हणून धारवाडला, वेड्यांच्या इस्पितळात. बांधलेला माणूस आगगाडीत कुणी घेईना, म्हणून बैलगाडीतून, ताण्याच्या दोरानं हातपाय आवळून. वाटेतल्या प्रत्येक गावात गाडीला गराडा पडे. कित्तूरच्या बाजारात एकानं विचारलं, "काय धरलंय? वाघ का अस्वल?" तेवढ्या घटकेपुरता तम्मण्णा शुद्धीवर होता. तो म्हणाला, "कोष्टी हाय."

ताराबाई गाडीतच होती. तिनं तोंडावर पदर ओढला होता. कानावर काय ओढणार?

धारवाडला तो बरा झाला. घरी आला तेव्हा मनगटांवर दोराचे काळे वळ होते, ते गेलेच नाहीत. बायाक्कानं नारळ फोडला, "गेली पीडा" म्हणाली आणि विषय मिटला. पुढं एकदा जेवताना तम्मण्णा म्हणाला होता, "तारा, परत आलं तर—" तिनं हातातला घास टाकून त्याच्या तोंडावर खरकटा हात ठेवला. "तसलं बोलू नगा. भरल्या ताटावर तर न्हाईच." त्यानं परत कधी काढलं नाही. आणि आता ही मोटार.

"दुभती म्हस इकली अन् दारात हत्ती बांधला," बायाक्का येताजाता म्हणे. "माग घालत हुता खायला. ही पेट्रोल पितीया."

हत्ती अगदीच बसून खात नव्हता. तम्मण्णानं जोतिराम नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. पहिल्या लढाईत बसऱ्याला पलटणीच्या लॉऱ्या चालवून आलेला, अर्धवट पिकल्या मिशांचा, बिनघराचा माणूस. तो मागघरातच दोन खड्ड्यांच्या मधे पथारी टाकी. लग्नाचं वऱ्हाड, निपाणीचे तंबाखूवाले, अडलेली बाळंतीण अशी भाडी मिळत. पेट्रोल आणि जोतिरामचा पगार सुटे, पण टायर फाटला की उरलेल्या दोन मागांवरची लुगडी त्यात जात. चार मागांचं घर दोन मागांवर आलं होतं, तरी तम्मण्णा भाड्याला अटी घाली. दिवस मावळायच्या आत मोटार दारात पाहिजे. टाकी भरलेली पाहिजे. मुक्कामाचं भाडं नको म्हणजे नको.

संकेश्वरच्या एका बड्या लग्नाचं भाडं त्यानं असंच परत पाठवलं तेव्हा जोतिरामनं ताराबाईपुढं डोकं खाजवलं. "वैनी, मी बसऱ्याला सायबं बघितली, पर अण्णांसारखा मालक न्हाय बघितला. लक्ष्मी दारात येतीया, ह्ये म्हणत्यात, बाई, रातीची ऱ्हाऊ नगं."

बायाक्कानं निपाणीचा एक तंबाखूवाला गिऱ्हाईक म्हणून शोधून काढला. दिवाळी झाली की येऊन मोटार नेतो म्हणाला. "तू निस्ती गप ऱ्हा," तिनं ताराबाईला बजावलं. "तम्माला मी बघती." ताराबाई गप राहिली. तिलाही ते रिकामे खड्डे रोज झाडताना तेच वाटे, की मोटार हेच त्याचं वेड; ह्या खेपेला वारं अंगात न शिरता दारात येऊन उभं राहिलंय.

दिवाळीला आठवडा होता. सकाळी ती शेणी आणायला निघाली तर तम्मण्णा समोर. अंघोळ केलेला, डोक्याला पटका, काखेत कपड्यांचं बोचकं.

"जोतिरामला हँडल मारायला सांग," तो म्हणाला. "धारवाडला जायाचं."

"धारवाडला? का?"

"झोप उडलीया. काल काठात तांबडं घालायचं तिथं हिरवं घातलं अन् माझं मलाच लई हसू आलं. यायला लागलंय, तारा. आज मला कळतंय. उद्या कळायचं न्हाय, उद्या मी तुझं ऐकायचा न्हाय."

हातातली पाटी तिनं खाली ठेवली.

"अगं, मग मोटार कशाला घेतली?" त्यानं बाह्यांची बटणं काढली आणि दोन्ही मनगटं तिच्यापुढं धरली. "दोर नगं मला. कित्तूरचा बाजार नगं. माझ्या पायानं आत जायाचं. म्हणून घेतली."

रोज मावळतीच्या आत दारात. टाकी भरलेली. मुक्काम नको. सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं आणि तिला एक अक्षर लागलं नव्हतं. आणि ती निपाणीवाल्याला मोटार द्यायला गप राहून कबूल झाली होती.

जोतिराम उठला. तम्मण्णा मागल्या बाकावर बसला. ताराबाई काय घ्यावं, काय ठेवावं ह्या गडबडीत कनवटीला नेहमीची सुताची कात्री खोचलेल्या तशाच अवतारात बाहेर आली, आणि तिघांनी एकदमच समोर पाहिलं.

गल्लीत ताणा पडला होता.

सगळा विचार केलेल्या माणसाचं इतकंच चुकलं होतं, आणि ते कोष्ट्याचंच चुकावं असं चुकलं होतं. गल्ली एका तोंडाची, मागं देवळाची भिंत. मोटार आत, तम्मण्णाच्या दारात. आणि सकाळी उन्हं तापायच्या आत गल्लीत उभ्या सुताचा ताणा घालायचा, सुताला खळ लावायची, वाळेपर्यंत तसाच ठेवायचा, हे त्याच्या आज्यापासून चाललेलं. माशाला पाणी दिसत नाही तसा त्याला तो ताणा कधी दिसलाच नव्हता. आज शेजारच्या आण्णाप्पाचा ताणा होता. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेच्या उंचीवर, दोन्ही टोकांना दोरानं ताणलेला, खळीनं ओलागच्च.

"आण्णाप्पा, काढतोस काय?" जोतिरामनं विचारलं.

"काढतोस काय म्हंजे?" आण्णाप्पाच्या हातातला कुंचा खाली ठिबकत राहिला. "वला हाय. आता हालीवला तर सूत सुताला चिकटंल. लग्नाच्या लुगड्यांचा ताणा हाय ह्यो. ऊन चढू दे, मग जावा की लंकेला."

"थांबूया," तम्मण्णा आतूनच म्हणाला. "ताण्याला हात लावायचा न्हाय."

थांबले. ऊन काही केल्या चढेना. ढग आले. तम्मण्णाचा पाय आधी हळू, मग जोरात हलू लागला. तो बोलू लागला: माग, काठ, वकील, पेट्रोल, मग सगळं एकात एक. मग एकदम गप्प झाला आणि काचेतून आण्णाप्पाकडं बघत बारीक आवाजात म्हणाला, "त्यो बादलीत काय कालवतोय बघ. खळ न्हवं ती. मला ठावं हाय काय हाय ती."

ताराबाईनं त्याचे डोळे पाहिले. ते भानावरून निघाले होते.

बायाक्का दारात आली होती. तिच्या हातात खुंटीवरचा दोर होता. "जोतिराम, उतीर. मळ्याच्या वाटंला बैलगाडी जुंपायला सांगितलीया. जांबोटीला न्हेऊया."

तम्मण्णानं दोर पाहिला आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले, मार खाणाऱ्या पोरानं लपवावेत तसे.

पुढचं गल्लीनं पाहिलं आणि गल्लीचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. ताण्यावरून पाऊल टाकलेल्या बाईला तिथं दारात उभं करत नसत. ताराबाई चालत ताण्याच्या टोकापाशी गेली, कनवटीची कात्री काढली आणि ताणलेला दोर कापू लागली. दोर जाड होता, कात्री सुताची. दोनदा घसरली. "तारेऽ!" बायाक्का किंचाळली. आण्णाप्पा धावला, पण खळीवर पाय घसरून आपटला. मग दोर तुटला. सबंध गल्लीभर ताणलेलं ते पांढरं सूत एक उसासा टाकल्यासारखं धुळीत आलं.

आण्णाप्पाची बायको शालूबाई तोंडावर हात ठेवून उभी होती.

"हाण रं, जोतिराम," ताराबाई म्हणाली आणि चालत्या मोटारीत चढली.

मोटार ताण्यावरून गेली. तटातटा सूत तुटल्याचा आवाज तिच्या टाचांतून वर आला. तम्मण्णा कान झाकून रडत होता. "कोष्ट्याची बायको तू. कोष्ट्याची बायको."

मलप्रभेच्या पुलाअलीकडं जोतिरामनं मोटार थांबवली. चाकाच्या आसाला सूत गुंडाळलं होतं. त्यानं ते ओढून काढलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तम्मण्णाच्या हातात दिलं. तम्मण्णानं त्याचं टोक शोधलं. कित्तूरच्या बाजारातून मोटार गेली तेव्हा कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागल्या बाकावर एक पटकेवाला गृहस्थ मान खाली घालून सूत गुंडाळत होता.

धारवाडला इस्पितळाच्या फाटकावर तो स्वतः दार उघडून उतरला. रखवालदारानं दोघांना निरखलं. हा नीटनेटका, हातात सुताची गुंडी. ती केस पिंजारलेली, कोपरापर्यंत खळ आणि चिखल, डोळे ताठ. रखवालदार सावध होत ताराबाईच्या बाजूला सरकला, तिच्या मुठीकडं हात केला आणि कानडीत समजुतीनं म्हणाला, "ते आधी इकडं द्या, बाई."

तिनं खाली पाहिलं. इथवर कात्री तिच्या मुठीतच होती.

"ती न्हवं," तम्मण्णा म्हणाला. "मी." आणि आपल्या पायानं आत गेला.

गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली जोतिरामनं परतताना विचारलं, "आत घिऊ?"

"न्हाय. हितंच लाव. तोंड भाईर करून."

निपाणीवाला आला तो मोटारीला हात न लावता परत गेला. बायाक्कासमोर ताराबाईनंच त्याला चहा पाजला. दिवाळीभर ती आण्णाप्पाच्या ओसरीवर बसून तुटलेलं सूत धागा धागा जोडत होती. जे जुळण्यासारखं नव्हतं त्याच्या बदल्यात आपल्या मागावरचा ताणा तिनं त्याच्या घरी नेऊन टाकला. शालूबाई पहिले काही दिवस पाठ करून बसे. मग एकदा गाठ मारता मारता म्हणाली, "सटवे, आदी सांगितलं असतंस तर ताणाच घातला नसता की."

"काय सांगू? माजं मलाच त्या दिवशी कळलं."

शालूबाईनं ती गाठ दातांनी आवळली. "मग इचारायला पायजे," ती म्हणाली.

तम्मण्णा शिमग्याच्या सुमारास घरी आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णाप्पा सुताचा भारा खांद्यावर घेऊन गल्लीत आला आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत ओरडला, "तम्मण्णाऽ, घालू काय रं ताणा?" मोटार आता पिंपळाखाली असे, पण दारापासून तिथवर चालत जायची वाटही ताण्यानं अडे.

ताराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे ह्या घरात भिंतींनीही उच्चारलं नव्हतं ते असं चव्हाट्यावर! ती दार लावायला धावली. तम्मण्णानं मागावरूनच उत्तर दिलं, "घाल."

मग ते रोजचं झालं. पावसाळा गेला, दुसरा गेला. "घालू काय रं?" "घाल." ताराबाई भाकरी थापता थापता ते ऐके, कोंबड्याची बांग ऐकावी तसं, ऐकू न येता.

आणि एका सकाळी आण्णाप्पानं विचारल्यावर काही क्षण धोट्याचा आवाज तेवढा आला.

"नगं," तम्मण्णा आतून म्हणाला. "आज नगं."

ताराबाईनं तवा चुलीवरून उतरवला. गल्लीत आण्णाप्पानं खांद्यावरचा भारा तसाच ठेवून पाठ फिरवली आणि घराघराच्या दारात थांबत, आवाज न चढवता सांगत गेला. आणि ज्यांनी आपल्या दारापुढं ताण्याच्या लाकडी घोड्या मांडल्या होत्या त्यांनी त्या एकेक करून आत घेतल्या. पिंपळाखाली जोतिराम हँडल मारत होता.